अळणी भाकर

माझ्या हातची भाकर आमच्या चर्चच्या मंडळीनं आठ वर्षं खाल्ली. ही बढाई नाही. बढाईच मारायची असती तर स्वयंपाकाची मारली नसती, कारण माझी आमटी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी आवडली नाही. ही भाकर वेगळी होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, व्हायचं आणि पाळकसाहेब मेजावर जी भाकर मोडायचे, ती माझ्या तव्यावरून जायची.

चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. भोसरी मागं टाकून चाकणच्या रस्त्याला लागलं की पुढं आमचं गाव लागायचं, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची बारा घरं. त्यांच्या मधोमध एक कौलारू खोली आणि तिच्यापुढं सारवलेली ओसरी. रविवारी ते देऊळ, बाकीचे दिवस शाळा. माझे यजमान त्या शाळेचे मास्तर, म्हणून मी मास्तरीणबाई. शिकवायची मी काहीच नाही, पण नाव लागलं ते लागलं आणि मला ते आवडायचं.

शास्त्रात भाकर म्हटलेलं असलं तरी आमची ती खरं म्हणजे गव्हाची चपाती. घरोघरी ज्वारी-बाजरी शिजायची, गहू सणाचा. त्यामुळे त्या एका चपातीचा थाट मोठा होता. चाकणच्या बाजारातून खपली गहू आणायचा, निवडायचा, धुऊन वाळवायचा. शनिवारी दुपारी घरच्या जात्यावर दळायचा. गिरणीचं पीठ चालत नसे. रविवारी दिवस उगवायच्या आत डोक्यावरून अंघोळ करून ती एकच मोठी चपाती लाटायची, कोरडीच भाजायची, तेल नाही, तूप नाही. आणि मीठ नाही.

मिठाची गोष्ट माझ्या सासूबाईंची. आमच्या वस्तीत पहिल्यांदा प्रभुभोजन झालं ते दुष्काळात. तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. कुठून तरी ओंजळभर गहू मिळाले, पण अख्ख्या वस्तीत त्या दिवशी मिठाचा खडा नव्हता. चपाती अळणी झाली. बायका रडकुंडीला आल्या, पण म्हातारी माणसं म्हणाली, असू दे, हीच आपली खूण. तेव्हापासून सुगी असो की टंचाई, आमच्या देवळातली भाकर अळणी. दुसऱ्या कुठल्याही मंडळीत ही रीत नव्हती. सासूबाईंची नजर गेली तेव्हा त्यांनी मला जात्यापाशी बसवलं, माझा हात खुंट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता हे तुझं." त्या घरात मला मिळालेली तेवढी एकच गोष्ट होती, जी दुसऱ्या कुणाची नव्हती.

आणि दर बुधवारी बायकांच्या सभेत मी प्रार्थना करायची, देवा, आमची मंडळी वाढू दे. आमच्या हातून या गावाची सेवा होऊ दे. आवाज चढवून करायची. वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांच्या बायकांसाठी मी शिवणाचा वर्गही काढला होता. दोन वर्षांत एकच बाई आली, तीही सुई मागायला. सुई घेऊन गेली ती गेलीच.

मग पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले. नगरकडची, जालन्याकडची माणसं कामाला येऊ लागली आणि पिंपरीत जागा मिळेना म्हणून आजूबाजूच्या गावांत खोल्या धुंडू लागली. त्यांत काही कुटुंबं आपली, म्हणजे ख्रिस्ती, निघाली. पहिलंच आलं ते नगरकडच्या एका फिटरचं. तो सायकलवर डबा लावून पहाटे निघून जायचा. त्याची बायको मला तेव्हाच खुपली होती. ती मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली होती. अंगावर पांढरी सुती साडी, तीही वस्तीतल्या धुळीत पांढरीच राहिलेली. कशी, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आणि मनगटावर घड्याळ. आमच्या बारा घरांत एकच घड्याळ होतं, ते शाळेच्या भिंतीवर, आणि ते वेळ दाखवायचं की नाही हे मास्तरांच्या मर्जीवर होतं.

पहिल्याच आठवड्यात तिनं ओसरीवर एका पोराचे आलेले डोळे धुतले. मंगळवारी एक पोर, शुक्रवारी पाच. पाणी उकळून गार केलेलं, स्वच्छ फडकी, बोरिक पावडर, गळवांना पोटीस. बस, एवढंच. महिनाभरात ओसरीवर रांग लागायला लागली. वरच्या आळीतल्या बायका आधी रस्त्यावरच उभ्या राहायच्या, पोराला तेवढं पुढं ढकलायच्या. मग पायरीपर्यंत आल्या. मग एक दिवस मी पाण्याला जाताना बघते तर त्यांतल्या तिघी-चौघी आमच्या गोणपाटावर मांडी घालून बसलेल्या, आणि ती त्यांना नखं कशी कापायची ते दाखवतेय. ज्या बायका माझ्या सुईला हात लावायला आल्या नाहीत, त्या तिच्या कात्रीपुढं बोटं पसरून बसल्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी मी अर्धीच घागर भरून आणली आणि सासूबाईंना सांगितलं, विहिरीला पाणी कमी आहे.

घरातही तेच. यजमान जेवता जेवता म्हणाले, "नर्सबाई आल्यापासून शाळेत पोरांची हजेरी वाढली. डोळे बरे झाले की पाटी दिसते." मी त्यांच्या ताटात आमटी जरा जोरातच वाढली. सासूबाई तर तिच्या पायरवाकडे कान लावून बसायच्या. ती येता-जाता त्यांचा हात हातात घेऊन नाडी बघायची. काही झालेलं नसताना. म्हातारी खुलायची. आठ वर्षं मी त्यांना न्हाऊ घालत होते, पण माझ्या पायरवाकडे त्यांनी कधी कान लावला नाही.

आणि तिच्यामागं माणसं आली. कारखान्यावर कुणी आपला भेटला की फिटर सांगायचा, आमच्या गावात या, खोली मिळेल, देऊळ आहे, पोरं आजारी पडली तर माझी बायको आहे. बारा घरांची वीस झाली. रविवारी दारात चपलांचा ढीग. बायकांच्या बुधवारच्या सभेला गोणपाट पुरेना. मी मागितलं होतं तेच झालं होतं, अगदी शब्दाला शब्द. फक्त ते माझ्या हातून झालं नव्हतं. देवानं माझी प्रार्थना ऐकली आणि दुसरीच्या पत्त्यावर पाठवून दिली, असं मला वाटायचं, आणि हे कुणाला सांगण्याचीही सोय नव्हती.

तरी भाकर माझी होती. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलली की मी मान खाली घालायची. भक्तीनं नाही, समाधानानं. एवढं एक तिच्याकडे नव्हतं.

पावसाळा सरल्यावर एकदा पाळकसाहेब आमच्याकडे आले. भला माणूस, उंच, बोलताना चष्मा पुसत राहायचा. सासूबाईंच्या देखत मला म्हणाले, "मास्तरीणबाई, मंडळी वाढतेय. नव्या माणसांना नुसतं बसायला जागा देऊन भागायचं नाही, त्यांच्या हातालाही काही द्यायला पाहिजे. येत्या रविवारची भाकर नर्सबाईंना करू द्या. एकदाच."

मी सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "करू दे की. पोरीचा हात हलका हाय."

मी हसून हो म्हटलं. माझा तो हसरा चेहरा त्या दिवशी कुणी धरून ओढला असता तर हातात निघून आला असता.

शनिवारी दुपारी ती गहू घेऊन माझ्याच दारात. तिच्याकडे जातं नव्हतं. म्हणजे भाकर तिची, जातं माझं. सासूबाई शेजारच्या घरी मनुका भिजत घालायला गेल्या होत्या. द्राक्षारस म्हणून आमच्याकडे मनुकांचं पाणी असायचं. आम्ही दोघी जात्याच्या दोन बाजूंना बसलो. एका खुंट्यावर दोघींचे हात. तिचा हात खरोखरच हलका होता आणि ओढ सारखी होती, त्यामुळे जातं असं फिरलं, की माझ्या एकटीच्यानं ते तसं कधी फिरलं नव्हतं. मला ते कळलं आणि मी आणखी चिडले.

गहू संपत आले तेव्हा तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "ताई, मीठ किती घालायचं?"

अगदी साधं विचारलं. मी खुंट्यावरचा हात काढला नाही. म्हटलं, "नेहमीच्या चपातीला घालतेस तेवढंच."

"आमच्यातबी तसंच," ती म्हणाली आणि सुपात पीठ भरायला लागली.

सांगायला वेळ नव्हता असं मी म्हणू शकत नाही. भरपूर होता. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे तयारीची सभा असायची. पाळकसाहेब विचारायचे, कुणाच्या मनात कुणाविषयी काही आहे का? असेल तर आत्ताच बोला, कारण मन साफ नसलेल्यानं उद्या भाकरीला हात लावायचा नाही. मग बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे हात धरून म्हणायचे, माझं काही चुकलं असेल तर माफ करा. या सभेत मी माणसांना ढसाढसा रडताना पाहिलंय. एका घरातले दोघे भाऊ बांधावरून वर्षभर बोलत नव्हते, ते तिथंच बोलायला लागले होते.

त्या संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसली होती. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "ताई, माजं काय चुकलं आसंल तर माफ करा." तिच्या बोटांना अजून पिठाचा वास होता. मी म्हणाले, "माझंही काही चुकलं असेल तर माफ कर." तोंडानं म्हणाले.

रविवारी देऊळ भरलं होतं. ओसरीवर वरच्या आळीतल्या दोघी पोरं घेऊन उगाचच रेंगाळत होत्या, आत काय चाललंय ते बघत. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ताट आधी वयानं मोठ्या माणसाकडे जायचं, म्हणजे सासूबाईंकडे. त्यांनी चाचपून तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि शांततेत मोठ्यानं म्हणाल्या, "मीठ!"

तेवढं पुरलं. जुन्या बारा घरांतल्या माणसांच्या माना वळल्या. नव्या लोकांना काही कळेना. पाळकसाहेबांनी प्रार्थना तशीच पुढं नेली. त्यांनी मिठावरून तिथल्या तिथे एखादा उपदेश केला नाही याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

भक्ती संपल्यावर ओसरीवर गर्दी जमली. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुष्काळाची, पहिल्या भाकरीची सगळी गोष्ट त्यांनी तिला सांगितली. "तुला ठाव न्हाई, पोरी, पर इचारायचं तरी. घरात सून हाय माजी, तिला इचारायचं."

मी खांबाला टेकून उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आणि फार वेळही नाही. शिकलेली बाई ती, तिला सगळं तेवढ्यात कळलं. मग सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "चुकलं माजं, आत्या. इचारायला पायजे व्हतं."

पुढच्या महिन्यापासून भाकर पुन्हा माझ्याकडे आली. पाळकसाहेब स्वतः सांगायला आले, वर चष्मा पुसत म्हणाले की जुनी रीत जुन्याच हातात बरी. मला हवं होतं ते मिळालं होतं. ती मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी तशीच ओसरीवर बसत होती. मला वाटेत भेटली की "बरं हाय का ताई" म्हणून विचारत होती. टोमणा नाही, फुगणं नाही. भांडली असती तर मी तिच्यापेक्षा सरस होते. भांडणात वस्तीत माझा हात कुणी धरला नसता. तिनं मला ती जागाच ठेवली नाही. आधी तिच्या साडीचा, घड्याळाचा हेवा वाटायचा. आता तिच्या गप्प राहण्याचा वाटायला लागला, आणि हा जास्त जाळणारा होता.

आणि दुसरं एक झालं. भाकर परत आली त्या पहिल्याच रविवारी मी ती केली, मेजावर ठेवली, पण ताट माझ्यापुढं आलं तेव्हा माझा हात उचलेना. मन साफ नसलेल्यानं हात लावायचा नाही. लहानपणापासून ऐकलेलं ते, ऐन वेळी आठवायचं थोडंच राहतं! मी ताट तसंच पुढं सरकवलं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. बायकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ठरवलं की मास्तरीणबाईंनी काहीतरी नवस, काहीतरी उपास धरलाय मंडळीसाठी. माझा मान वाढला. एक म्हातारी तर माझ्या हातून पोराला आशीर्वाद मागून गेली. मी तोही दिला, काय करणार.

हिवाळ्यात आणखी घरं आली. एक भाकर पुरेना. तुकडे हरभऱ्याएवढे व्हायला लागले. पाळकसाहेबांनी सांगितलं, यापुढं दोन करा, एक मास्तरीणबाईंनी, एक नर्सबाईंनी. शनिवारी दुपारी ती पुन्हा गहू घेऊन माझ्या दारात. पुन्हा जातं, पुन्हा एका खुंट्यावर दोघींचे हात. सासूबाई पलीकडे वाकळेवर पडल्या होत्या.

पीठ पडत होतं. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं, तेव्हासारखंच, आणि तेव्हासारखंच साधं विचारलं, "ताई, मीठ किती घालायचं?"

तिला आता ठाऊक होतं. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मी म्हणाले, "घालायचं नाही." मग पुढचंही तोंडातून बाहेर आलंच. "त्या वेळीही घालायचं नव्हतं. मी खोटं सांगितलं तुला."

"व्हय," ती म्हणाली. "ओढा ताई, गहू ऱ्हायलेत आजून."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचं तोंड तिकडं होतं. ऐकलं की नाही ते कळलं नाही.

संध्याकाळी तयारीच्या सभेत पाळकसाहेबांनी नेहमीचं विचारलं. मी उठून उभी राहिले. उठेपर्यंत मला ठाऊक नव्हतं की मी उठणार आहे. सांगितलं की मिठाचं तिनं मला विचारलं होतं, आणि मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. कारण विचारलं नाही कुणी, पण मी तेही सांगितलं. तिच्याकडे सगळे गेले आणि माझ्याकडे भाकर तेवढी उरली होती, तीही जाईल असं वाटलं, म्हणून. मास्तर समोर पुरुषांत बसले होते. त्यांनी मान खाली घातली. ज्या म्हातारीनं आशीर्वाद मागितला होता, तिनं पोराला जवळ ओढलं.

सासूबाईंना उठायला वेळ लागायचा. त्या बसूनच बोलल्या, आणि माझ्याकडे तोंड न करता, पाळकसाहेबांकडे करून बोलल्या. "उंद्याच्या दोनी भाकरी तिलाच करू द्या. फुडंबी."

आठ वर्षांपूर्वी ज्या हातानं त्यांनी मला जात्यावर बसवलं, तोच हात त्यांनी तेव्हा हलवला, माशी वारावी तेवढाच.

रात्रीच मी परातीतलं माझं पीठ बांधून तिच्या घरी पोचतं केलं. तिनं घेतलं आणि दार लोटायच्या आधी म्हणाली, "ताई, सकाळी आंघूळ करून या. लाटताना बघा, माजं काय चुकतंय का." मी गेले नाही. इतकी मी चांगली झाले नव्हते.

सकाळी देवळात ताट फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. मी पुष्कळ महिन्यांनी त्यातल्या भाकरीकडे नीट पाहिलं. माझ्यापेक्षा पातळ लाटली होती. कडेपर्यंत एकसारखी भाजलेली, एकही करपलेला डाग नव्हता. मी तुकडा उचलून तोंडात घातला. अळणी होता. हेवा वाटायचा तो वाटलाच, पण गिळला मी तो.